काटा अठ्ठाविसशेवर

१

श्रावण गजभिये मेला तेव्हा कारखाना बंदच होता. कापसाच्या गाड्या यायला अजून अवकाश होता. हिंगणघाटच्या त्या जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीचं आवार आश्विनाच्या उन्हात ओसाड पडलं होतं. प्रेसघरातला कापूस दाबायचा जुना दट्ट्या गंजून अडकला होता. हंगामाआधी तो उपसून काढायचा होता. वर कप्पी बांधली, तारेचा दोर ओवला आणि चौघं विंच फिरवायला लागले. दट्ट्या हलला नाही. दोर तुटला. तुटलेलं टोक चाबकासारखं फिरलं आणि जवळ उभ्या असलेल्या श्रावणच्या मानेवर बसलं.

तिसऱ्या दिवशी नागपूरहून कारखाना निरीक्षक लक्ष्मणराव ढोक आले. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून बाहेरगावचं कुठलंही काम ते नाकारत नसत. घरी परतायची त्यांना घाई नसे.

स्टेशनवर फॅक्टरीचे मॅनेजर रूपराव कोल्हे त्यांना घ्यायला आले होते. पांढरं स्वच्छ धोतर, काळा कोट, बोलण्यात अदब. छकड्यात बसताच त्यांनी सुरुवात केली.

"साहेब, तुमचं काम सोपं आहे. चूक इंजिनिअरसाहेबाची, आन् थे स्वतः कबूल करून राह्यले."

"कसली चूक?"

"दोर किती ताणला जाते हे पाहाले मधात एक काटा लावतात. हा काटा जर्मनीचा. साहेबानं सांगतलं होतं, तीन हजार पौंडाच्या वर ओढू नका. पण काट्यावरचे आकडे पौंडाचे नाईच. किलोचे आहेत. म्हणजे दुपटीहून जास्त जोर लागला."

"ते किलोचे आहेत हे तुम्हाला कसं कळलं?"

रूपराव किंचित हसले. "आमी कापसातले माणसं. गोडाऊनात मागच्या सालच्या, दाबलेल्या कापसाच्या गठाणी आहेत. गठाण तीनशे ब्याण्णव पौंडाची असते, हे इथलं पोरगंही सांगंल. मी एक गठाण काट्याले टांगून पाह्यली. काटा एकशे अठ्ठ्याहत्तरवर थांबला. खात्री झाल्याबिगर मी कोणाचं नाव घेत नाई."

लक्ष्मणरावांनी मनात भागाकार केला. बरोबर होता. गावात नुकतीच किलोची वजनं आली होती, आणि जो तो आपापल्या परीनं जुन्याचं नवं करत होता. मॅनेजर हुशार होता. अपघाताचं कारण तयार होतं, कबुलीही होती. संध्याकाळची गाडीसुद्धा मिळाली असती.

तरी ते म्हणाले, "आधी ठाण्यावर घ्या. मला तो काटा पाहायचाय."

२

ठाणेदारानं पोत्यात गुंडाळलेली वस्तू टेबलावर ठेवली. ताटलीएवढी गोल तबकडी, आत जाड स्प्रिंग, वर-खाली अडकवायचे हूक. दोर तुटला तेव्हा लोखंडी कप्पी नेमकी याच्यावर येऊन आदळली होती. वरचा हूक उपटून निघाला होता, स्प्रिंग वाकडी झाली होती. काच चेचून पत्रा आत गेला होता आणि त्यानं काट्याला जागच्या जागी दाबून धरलं होतं. काटा अठ्ठाविसशेवर होता.

"कप्पीखालून तुम्हीच काढला?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"होय जी. पंचनामा होईस्तोवर कोणाले हात लावू देला नाई. तवापासून इथंच आहे."

तबकडीवरच्या आकड्यांखाली दोन बारकी अक्षरं होती, के आणि पी. लक्ष्मणरावांनी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली. किलोपाँड. जर्मन लोक जोर मोजतात तो असा. एका किलोचं वजन हाताला जेवढं खाली ओढतं, तेवढा जोर म्हणजे एक किलोपाँड. पौंडाशी त्याचं नातं फक्त कानाला वाटण्यापुरतं.

इंजिनिअर दिगंबर साल्पेकर आवाराच्या टोकाला एका खोलीत राहत होता. वय सव्वीस. अंगावर चुरगळलेला सदरा, दाढी वाढलेली. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, एक खुर्ची. दुसऱ्या कुणी येऊन बसावं अशी तिथं सोयच नव्हती. लक्ष्मणराव खाटेवर बसले.

"कागद आणला असेल तर सही करतो," साल्पेकर म्हणाला. "माझ्यामुळे मेला तो."

"सही होईल नंतर. के आणि पी ही अक्षरं पाहिली नव्हती का?"

"पाहिली होती. पी म्हणजे पौंड समजलो. के हे बनवणाऱ्याचं अक्षर असेल असं वाटलं. आम्ही कॉलेजात सगळं पौंडातच केलं. शंका आली असती तर विचारलं असतं, पण इथं विचारणार कुणाला?"

"चूक कळली केव्हा?"

"त्याच दुपारी. रूपरावांनी सांगितलं. म्हणाले, साहेब, तुम्ही पौंड समजलात, ते किलो होते. मी तबकडी डोळ्यांपुढं आणली आणि मला अक्षरांचा अर्थ लागला."

"ओढताना रूपराव कुठं होते?"

"फाटकाजवळ. एरवी माझ्या खांद्याशीच असतात. मजुरांना काही सांगायचं तर मी त्यांनाच सांगतो. मला इथल्या लोकांशी बोलायला जमत नाही. आठ महिने झाले, पण नाही जमलं."

लक्ष्मणरावांनी बाहेरच्या रिकाम्या आवाराकडं एकदा पाहिलं. मग म्हणाले, "अठ्ठाविसशे किलोपाँड. पौंडात सांगा."

"सहा हजारांच्या थोडं वर." साल्पेकरनं लगेच सांगितलं. "तीन हजारांच्या जागी सहा हजार."

"आणि दोर किती पौंडांना तुटणारा होता?"

साल्पेकर बोटांवर मोजायला लागला.

"नवा दोर मागवला होता मी," तो हळूहळू म्हणाला. "तीन हजारांच्या सहापट. अठरा हजार."

"म्हणजे तुमची चूक धरूनही दोरावर त्याच्या ताकदीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढाच ताण आला होता."

"मी तिथवर गेलोच नाही," साल्पेकर म्हणाला. "दुप्पट झालं एवढं कळलं आणि पुढचा हिशेब मी केलाच नाही."

आपण दोषी ठरलो त्या आकड्यापाशी तो थांबला होता. गेले तीन दिवस या खोलीत त्याला पुढचा प्रश्न विचारायला कुणी आलं नव्हतं.

"दोर चढवताना पाहिलात तुम्ही?"

"नाही. त्या दिवशी वर्ध्याला गेलो होतो. दुसऱ्या सकाळी पाहिला तेव्हा काळ्या ग्रीसनं माखलेला होता. नव्या दोराला ग्रीस असतंच."

"तो तुटलेला दोर आता कुठं आहे?"

साल्पेकरला माहीत नव्हतं.

३

माहीत होतं ते स्टोअरकीपर नत्थूजींना. म्हातारा गडी. स्टोअरच्या दारात एकटाच बसून पट्ट्याचे तुकडे शिवत होता.

"थो दोर तं भंगारात गेला, साहेब. दुसऱ्याच दिवशी. रूपरावजीनं गाडी भरून धाडून देला. म्हणे, घरचे लोक पाह्यतीन तं जीव दुखंल."

"ठाणेदारांनी जाऊ दिला?"

"त्याईले काटा पाह्यजे होता. दोराचं कोणी बोललंच नाई."

"नवा दोर तुम्हीच काढून दिलात का?"

"मीच देला. भेंडोळं बांधलेलं होतं. चांगला दोर होता जी. त्यातला एक पीळ लाल रंगाचा, कंपनीची खूण असते तसा. मी म्हटलं, नवरीवानी दिसून राह्यला."

"कुणाच्या हातात दिलात?"

"रूपरावजीच्या. श्रावणले बोलावतो म्हटलं तं म्हणे राहू द्या, मी पोचवतो."

"चढवल्यावर पाहिलात तो?"

नत्थूजींनी सुई थांबवली. "नाई. माह्या पायाचं असं आहे, मी प्रेसघरात जात नाई आता."

"फॅक्टरीचा ट्रक त्या आठवड्यात कुठं गेला होता?"

"कारंज्याले. घाडग्याच्या कारंज्याले. तिथं रूपरावजीचा संत्र्याचा बगीचा आहे, नवी विहीरही खोदली तिथं. सरकीची ढेप घेऊन गेलता." म्हाताऱ्यानं दोरा दातानं तोडला. "साहेब, तुमी काऊन विचारून राह्यले? इंजिनिअरसाहेबानं कबूल केलं म्हणतात न?"

"केलं खरं," लक्ष्मणराव म्हणाले. "पण त्यानं त्याच्या वाट्यापेक्षा जास्त कबूल केलंय."

४

श्रावणचं घर गावाच्या कडेला होतं. दोन वर्षांपूर्वी त्या वस्तीनं बुद्धाचा धम्म घेतला होता. भिंतीवरचे जुने देव निघाले होते. त्यांच्या जागेचे चौकोन अजून फिकट दिसत होते, आणि मधल्या चौकोनात बुद्धाची एक तसबीर होती. शेजारच्या बाया येऊन गेल्या होत्या. तानाबाई एकटीच उंबऱ्याशी बसली होती. मूलबाळ नव्हतं.

लक्ष्मणरावांनी आपण कोण ते सांगितलं. तिनं बसायला पोतं टाकलं.

"मले काय विचारता? मी तिथं नव्हती."

"आदल्या दिवशीचं विचारतो. दोर चढवून घरी आला तेव्हा काही बोलला का तो?"

"बोलाचं काय? हात रक्तानं भरून आलता. तळहातात तारेचे बारके बारके काटे रुतले होते. म्या दिव्यापाशी बसून बाभळीच्या काट्यानं एकेक काढले."

"तारेचे काटे? नक्की?"

"म्या काढले न, साहेब. नव्या तारेले कुसं नसतात, मले थोच सांगे. जुनी झाली, आतून तुटाले लागली, का मंग टोचते. म्या म्हटलं, मंग नवा दोर काऊन मागत नाई? तं म्हणे, मांगतला. रूपरावजी म्हणाले, साहेबानं हाच लावाले सांगतला."

"कुठल्या साहेबानं?"

"इंजिनिअर साहेबानं. दुसरा कोणता आहे?"

"मग श्रावणनं साहेबालाच का नाही विचारलं?"

तानाबाईनं पदर सारखा केला. "थो साहेब कोणाशी बोलते? आला का मान खाली घालून जाते. श्रावण म्हणे, शिकेल माणूस आहे, त्यानं पाह्यलं असंल, आपुन काऊन तोंड घालाचं."

लक्ष्मणराव उठले. दारापर्यंत गेल्यावर ती मागून म्हणाली, "साहेब, तो दोर त्यानंच लावाले सांगतला होता का?"

"आल्यावर सांगतो," ते म्हणाले. "मला एक विहीर पाहून येऊ द्या."

५

वर्ध्याहून आर्वी, आर्वीहून कारंजा. मोटारी बदलत जाताना लक्ष्मणराव खिडकीशी बसले होते. शेजारचा प्रवासी किलोनं तूर विकल्यावर आपलं काय बुडतं ते आर्वीपर्यंत सांगत होता. एरवी ते अशा बोलण्याला हुंकार देत नसत. आज त्यांनी त्याचं ऐकून घेतलं.

कारंज्याला हमरस्त्यापासून थोडं आत रूपरावांचा बगीचा होता. आंबिया बहाराची संत्री पिवळी पडायला लागली होती. बगिच्यात नवी विहीर होती आणि विहिरीवर लोखंडी चौकट. चौकटीतून खाली पंप सोडलेला होता. पंप ज्या दोरावर लटकत होता त्यातला एक पीळ लाल होता.

राखणदार कवडू म्हणाला, "मालकानं धाडला जी. पंधरवडाही नाई झाला. लई मजबूत दोर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मणरावांनी सगळ्यांना प्रेसघरात बोलावलं. साल्पेकर भिंतीशी उभा राहिला. नत्थूजी काठी टेकत आले. ठाणेदार दारात थांबला. रूपराव मात्र यजमानासारखे पुढं होऊन म्हणाले, "साहेब, कागद तयार असंल तं सही घेऊन टाका. गाडी चुकंल."

"एकच गोष्ट राहिली. तुम्ही काट्याला गठाण टांगलीत. ती कधी?"

"अपघात झाल्यावर. त्याच दिवशी."

"अपघात झाल्यावर काटा कप्पीखाली होता, आणि तिथून तो ठाण्यात गेला. मी पाहिलाय. त्याचा वरचा हूक उपटलाय, स्प्रिंग वाकलीय, काटा पत्र्यात रुतलाय. त्याला लिंबूसुद्धा टांगता यायचं नाही."

रूपरावांच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं नाही, पण ते तिथं विसरल्यासारखं राहून गेलं.

"तं मंग आधी टांगली असंल," ते म्हणाले. "आठवत नाई. सहज, गंमत म्हणून."

"आधीच टांगली होती. त्याशिवाय एकशे अठ्ठ्याहत्तर हा आकडा तुम्हाला कळणं शक्यच नव्हतं. म्हणजे काटा किलोचा आहे हे या आवारात एकट्या तुम्हाला माहीत होतं. आणि इंजिनिअर तीन हजार पौंड म्हणतोय तेव्हा खरा जोर दुपटीहून जास्त लागणार, हेही. तरी तुम्ही बोलला नाहीत. का?"

"मले काय समजते त्यातलं?"

"गठाणीवरून काटा पारखण्याइतकं समजतं. आता मी सांगतो तसं झालं का, ते पाहा. नवा दोर तुम्ही कारंज्याला पाठवलात. तो मी काल पाहून आलो, त्याच्यातला लाल पीळ नत्थूजी ओळखतील. त्याच्या जागी जुना दोर ग्रीस फासून इथं दिलात. पण तो जुना आहे ही धास्ती तुम्हाला होतीच. तीन हजार पौंड तो पेलेल का, हे अजमावायला तुम्ही काटा हातात घेतलात, तो खरं दाखवतो का म्हणून गठाण टांगलीत, आणि तेव्हा कळलं की काट्याचे आकडेच वेगळे आहेत. इंजिनिअरला सांगावं, तर तो विचारणार की तुम्ही हे कशाला तपासत होता. मग तो दोरही पाहणार. आणि न सांगावं, तर एक सोय होती. दोर टिकला तर प्रश्नच मिटला. तुटला तर चूक शिकलेल्या माणसाची. श्रावणनं नवा दोर मागितला तेव्हा तुम्ही त्याला सांगितलंत, साहेबानं हाच सांगितलाय. आणि त्या सकाळी तुम्ही स्वतः फाटकापाशी जाऊन उभे राहिलात."

पत्र्यावर कबुतरांची पावलं वाजत होती.

"दट्ट्या निघंल असं वाटलं होतं," रूपराव शेवटी म्हणाले. आता त्यांचा आवाज लहान होता. "हजार-बाराशेतच निघंल. कोणाचा जीव जावा असं माह्या मनात नव्हतं, साहेब. दोन बोटं तुटतीन फार तं, असं वाटलं होतं."

ठाणेदारानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दारापर्यंत गेल्यावर रूपराव वळून साल्पेकरला म्हणाले, "तुमी एकदा जरी श्रावणशी बोलले असते न, तं मी पकडल्या गेलो असतो." त्यात टोमणा नव्हता. खरंच तसं झालं असतं.

६

साल्पेकर स्टेशनच्या रस्त्यापर्यंत लक्ष्मणरावांबरोबर आला.

"म्हणजे मी सुटलो का?" त्यानं विचारलं.

"नाही. किलोपाँडला पौंड समजलात, ती चूक तुमचीच. मी ती लिहिणार आहे. पण चांगला दोर त्या दिवशीच्या जवळजवळ तिप्पट ताण सोसून उभा राहिला असता. श्रावण तुमच्या चुकीनं मेला नाही, हेही लिहिणार आहे." ते थांबले. "तानाबाईला वाटतंय, तो दोर तुम्ही लावायला सांगितलात. तिला येऊन सांगतो म्हणालो होतो. चला."

"मी काय बोलणार तिच्याशी?"

"ते मला माहीत नाही."

तानाबाई अंगणात शेणी रचत होती. लक्ष्मणरावांनी तिला सगळं सांगितलं, रूपरावांचं, दोराचं, विहिरीचं. तिनं कामातले हात थांबवून ऐकलं. मग ती साल्पेकरकडं वळली. तो अंगणाच्या कडेला, तिच्यापासून लांब उभा होता.

"तुमी बाजूलेच होते न त्याच्या?"

"हो."

"मले कोणी काई सांगतलं नाई. उचलून आणला आन् ठेवला. काय बोलत होता थो, शेवटी?"

साल्पेकर दोन पावलं पुढं आला. मग तो तिथंच मातीत खाली बसला.

"विंच सुरू व्हायच्या आधी माझ्याजवळ आला. म्हणाला, साहेब, जेवले का? रोज विचारायचा. मी मान हलवली. रोज मी नुसती मान हलवायचो." त्यानं बोटानं मातीत एक रेघ ओढली. "मग त्यानं हात कमरेला पुसले आणि दोराजवळ गेला. घाबरलेला नव्हता. दोर वाजायला लागला तेव्हा त्यानं बाकीच्यांना हातानं मागं सारलं. स्वतः कप्पीकडं बघत राहिला. त्याला काही कळायच्या आत झालं. मी धावलो तेव्हा डोळे उघडे होते, पण तो गेला होता."

"मांगं सारलं त्यानं त्याईले?"

"हो. सगळ्यांना."

तानाबाईनं मान खाली घातली. तिचे खांदे हलले, आवाज आला नाही. लक्ष्मणरावांना वाटलं, आता निघावं. त्यांनी छत्री उचलली.

"जेवले होते का तुमी?" तिनं साल्पेकरला विचारलं. "त्या दिवशी?"

"नाही."

"आन् आज?"

"आजही नाही." तिनं डोळे पुसले आणि लक्ष्मणरावांच्या हातातल्या छत्रीकडं पाहिलं. "गाडी सांजची आहे. बसा दोघंही."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. कुणी विचारलंही नाही. ज्वारीची भाकर, पातळ वरण आणि मिरचीचा ठेचा. घरात दोनच ताटल्या होत्या. त्या तिनं दोघांपुढं मांडल्या आणि आपली भाकर हातावर घेऊन उंबऱ्यावर बसली. साल्पेकरनं पहिला घास तोडला.

लक्ष्मणराव सावकाश जेवले. गाडीला वेळ होता, आणि नागपूरच्या घरी कुलूपच होतं.